पावसाळ्यातली नॅनोपावडर, तिच्यातलं पाणी आणि पेपरवरची नावं

कोकणातल्या कॉलेजातून एमएस्सी करून नॅनो-ऑक्साइडांच्या उच्चतापमान थर्मोडायनॅमिक्सकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. एन्थाल्पी, गिब्ज ऊर्जा, कणांचा आकार देणारं शेररचं सूत्र, पृष्ठफळ मोजणारी बीईटी पद्धत या गोष्टी तुम्हाला येतात असं धरून चाललो आहे. दोनच गोष्टी नीट सांगायच्या आहेत: पावडरीतलं पाणी आणि पेपरवरची नावं. पहिलीवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेकांची दोन-दोन वर्षं तिथेच बुडतात.

विषय इतका ओढ लावणारा का, ते आधी थोडक्यात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज आहे, त्यापासून टायटानिया (टायटॅनियम डायऑक्साइड) मिळतं. ढेकळाएवढ्या टायटानियाचं स्थिर रूप रूटाइल. पण कण काही नॅनोमीटरवर आले की त्याचंच दुसरं रूप, अनाटेज, वरचढ ठरतं, कारण पृष्ठभाग तयार करायला रूटाइलला जास्त ऊर्जा मोजावी लागते. २००२ साली संशोधक अलेक्झांड्रा नॅव्हरोत्स्की यांच्या गटाने मोजलेले आकडे असे: रूटाइल २.२, ब्रुकाइट (तिसरं रूप) १.०, अनाटेज ०.४ ज्यूल प्रति चौरस मीटर. अॅल्युमिनाचंही (अॅल्युमिनियम ऑक्साइडचं) तसंच. १९९७ मध्ये याच गटाने दाखवलं की पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे १२५ चौरस मीटरच्या वर गेलं की गॅमा रूप अल्फापेक्षा ऊर्जेने खाली येतं. आपल्या जांभ्यातला पिवळा गोएथाइट आणि लाल हेमाटाइट या लोहखनिजांतला तोलही कणांच्या आकाराने सरकतो. अंगणातल्या चिऱ्यात हा विषय भरलेला आहे, तो परदेशातून आणावा लागत नाही.

ही ऊर्जा मोजायची पद्धत सांगायला सोपी आहे. साधारण ५ मिलिग्रॅमची गोळी दाबायची आणि खोलीच्या तापमानावरून कॅलरीमीटरमधल्या (उष्णता मोजणाऱ्या यंत्रातल्या) सुमारे ७०० अंशांवरच्या वितळलेल्या द्रावकात टाकायची. द्रावक सोडियम मॉलिब्डेट किंवा लेड बोरेट, प्लॅटिनमच्या मुशीत. ओल क्लेप्पा यांनी शिकागोत ही पद्धत उभी केली आणि त्यांच्याच विद्यार्थिनी अलेक्झांड्रा नॅव्हरोत्स्की यांनी ती नॅनोपदार्थांपर्यंत नेली. नॅनो नमुना आणि मोठ्या कणांचा नमुना एकाच द्रावकात विरघळवला, तर दोन उष्णतांतला फरक म्हणजे पृष्ठभागाची ऊर्जा. कॅलिब्रेशन कोरंडमच्या (अल्फा अॅल्युमिनाच्या) गोळ्यांनी करायचं. दर नमुन्याच्या आठ-दहा गोळ्या टाकायच्या, तीन नव्हे.

आता पाणी. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि पापड मऊ पडतात, हे घरात सगळ्यांना दिसतं. पावडरीचं मात्र काहीच दिसत नाही. ती पांढरीशुभ्र आणि कोरडीच वाटते.

हिशेब करू. अनाटेजचं पृष्ठफळ ग्रॅमला १०० चौरस मीटर धरा. एक मोल म्हणजे सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे मोलला ८,००० चौरस मीटर. त्याला ०.४ ने गुणलं की पृष्ठभागाची सगळी ऊर्जा येते ३.२ किलोज्यूल. आता त्याच पावडरीत वजनाने फक्त १ टक्का पाणी आहे असं समजा. मोलला ते ०.०४५ मोल पाणी झालं. २५ अंशांवरचं द्रवरूप पाणी ७०० अंशांची वाफ व्हायला मोलला सुमारे ६९ किलोज्यूल घेतं: ४४ बाष्पीभवनाचे, उरलेले २५ वाफ तापण्याचे. गुणाकार येतो ३.१ किलोज्यूल. म्हणजे जे मोजायला निघालो, जवळजवळ तेवढंच एक टक्का पाणी खाऊन टाकतं.

चिन्हही नीट बघा, कारण खरा घात तिथे होतो. पृष्ठभागाच्या ऊर्जेमुळे विरघळताना लागणारी उष्णता कमी होते, पाण्यामुळे ती वाढते. दोन्ही एकमेकांना खोडतात. पाणी न मोजता आकडे काढलेत, तर कॅलरीमीटर छान चालतो, गोळ्या एकमेकींशी जुळतात, ग्राफ सरळ येतो आणि अनाटेजची पृष्ठऊर्जा जवळपास शून्य निघते. काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. शिवाय त्या एक टक्का वजनात टायटानिया नाहीच, ती मोलच्या हिशेबातली चूक वेगळी.

आणि एक टक्का हे काही जास्त नाही. पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला पाण्याचे दहा रेणू बसले, तर १०० चौरस मीटरवर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम पाणी होतं. म्हणजे तीन टक्के, आणि तेही उघड्या डोळ्यांना कोरड्या दिसणाऱ्या पावडरीत.

यावर बहुतेक जण सुचवतात तो उपाय म्हणजे सिलिका जेल. माझा त्याला ठाम विरोध आहे. डेसिकेटरमधून काढलेली सुकी पावडर तराजूवर ठेवेपर्यंत हवेतलं पाणी ओढत असते, आणि किती ओढलं ते तुम्हाला कळत नाही. सुकं ठेवण्यापेक्षा ठरावीक ओलं ठेवा. बंद भांड्यात मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलं की २५ अंशांना आर्द्रता ५३ टक्क्यांवर स्थिर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडने ३३ टक्क्यांवर. साध्या मिठाने ७५ येते, ती या कामाला फार. पावडर उथळ बशीत पसरून लागोपाठ दोन दिवसांची वजनं जुळेपर्यंत त्यात ठेवा. गोळ्या, टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणं) आणि बीईटी यांसाठीचा माल त्याच बशीतून, त्याच दिवशी काढा. मे महिन्यात केलेला टीजीए जुलैत टाकलेल्या गोळीला लावू नका. शक्य असेल तर आगोटीची बेगमी करतात तसं गोळ्या टाकायचं काम मृग लागायच्या आत उरका.

तराजूकडे बघा. कॉलेजातला चार दशांश स्थळांचा तराजू ०.१ मिलिग्रॅम वाचतो. ५ मिलिग्रॅमच्या गोळीत ते दोन टक्के झाले, म्हणजे त्यावर केलेलं वजन या कामाला निरुपयोगी आहे. मायक्रोग्रॅम वाचणारा तराजू जिथे असेल तिथेच गोळीचं वजन करा आणि गोळी टाकण्यापूर्वी लगेच करा. टीजीएला किमान २० मिलिग्रॅम माल घ्या आणि आधी रिकाम्या मुशीची फेरी घेऊन ती वजा करा. तापताना वायूची घनता बदलते आणि वजनात खोटी वाढ दिसते. तुम्ही शोधताय तो एक टक्का म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, ही खोटी वाढ त्यात मोठा वाटा खाऊ शकते.

टीजीएत उडालेलं सगळं पाणीच असतं असं नाही. क्लोराइडपासून बनवलेल्या टायटानियात क्लोराइड राहतं, म्हणून धुवणाचं पाणी सिल्व्हर नायट्रेटने गढूळ व्हायचं थांबेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवा. सिरिया (सेरियम ऑक्साइड), मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) यांच्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड बसतो. त्याचा हिशेब पाण्याच्या आकड्याने केलात तर चुकेल. निघणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरने किंवा एफटीआयआरने (अवरक्त वर्णपटाने) एकदा तरी तपासून घ्या. बीईटीआधीच्या डीगॅसिंगमध्ये (पृष्ठभागावरचे वायू आणि पाणी काढताना) फार तापवलंत तर कण वाढतात, तेव्हा आधी आणि नंतर एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) काढा. दहा नॅनोमीटरच्या अनाटेजचं पृष्ठफळ गणिताने ग्रॅमला सुमारे १५० चौरस मीटर यायला हवं. बीईटी ६० सांगत असेल तर कण एकमेकांना चिकटलेले आहेत आणि त्या सांध्यांचीही ऊर्जा असते.

एवढं झालं तरी एक प्रश्न उरतो आणि परीक्षक तो विचारतातच: पृष्ठभाग ओला की कोरडा? बसलेलं पाणी साध्या द्रव पाण्यासारखं मानून वजा केलं, तर ओल्या पृष्ठभागाची ऊर्जा मिळते. पण पहिले रेणू ४४ किलोज्यूलपेक्षा कितीतरी घट्ट बसतात. ती उष्णता वेगळी मोजून हिशेबात धरली की कोरड्या पृष्ठभागाची ऊर्जा मिळते आणि ती नेहमी जास्त असते. २००६ मध्ये टायटानियाचे असे जोडीने आकडे आले: अनाटेज ओलं सुमारे ०.५, कोरडं ०.७४, रूटाइल ओलं १.३, कोरडं २.२. तक्त्यात कुठला आकडा आहे हे न लिहिता तुलना करणं म्हणजे फसवणूकच, मग ती अजाणता का असेना.

डीएससीत (पावडर तापवत उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या यंत्रात) अनाटेजचं रूटाइल होतानाची उष्णता मोजून पृष्ठऊर्जा काढायचा आडमार्गही दाखवला जातो. त्याच तापमानाला कण वाढत असतात, उरलंसुरलं पाणी निघत असतं आणि सगळं एकाच शिखरात मिसळतं. तो नाद सोडा.

घाबरू नका. यातलं एकही काम हुशारीचं नाही, सगळं चिकाटीचं आहे. आणि चिकाटीची हीच कामं पेपरवर नावं घालायच्या वेळी सगळ्यांत आधी विसरली जातात.

आपल्याकडून नमुना मुंबई-पुण्याला जातो, कॅलरीमीटर तिसरीकडे असतो. पावडर बनवणारा, धुणारा, आर्द्रता सांभाळणारा, गोळ्या टाकणारा आणि लिहिणारा असे पाच जण होतात. लेखक कोण? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या चार अटी आता इतर शाखांतही मानल्या जातात: संकल्पनेत, मोजमापात किंवा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा चिकित्सकपणे तपासणं, अंतिम मंजुरी, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसता निधी आणणं किंवा विभागप्रमुख असणं पुरत नाही. पैसे भरून एक्सआरडी काढून घेतला तर ऑपरेटरचे आभार. पण त्याने शिखरं बघून दुसरं रूप मिसळलंय हे ओळखलं आणि विश्लेषण बदललं, तर त्याला मसुदा पाठवा. त्याच नियमात पुढे म्हटलं आहे की पहिली अट पुरी करणाऱ्याला मसुदा तपासायची संधी मिळालीच पाहिजे. मसुदा दाखवायचा नाही आणि मग ‘यांनी तपासलाच नाही’ म्हणून नाव गाळायचं, हे चालत नाही.

नावांचं मोजमापही समजून घ्या. २००५ साली हिर्श यांनी मांडलेला, पेपरांच्या उल्लेखांवरून काढायचा एच-निर्देशांक नाव कितवं आहे ते बघतच नाही. यूजीसीच्या शिक्षकांच्या नेमणूक-बढतीच्या २०१८ च्या नियमावलीत दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, दोनापेक्षा जास्त असले तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. याचा अर्थ कागदावर मांडून बघा. तिसरं नाव घातल्याने पहिल्याचं काहीच जात नाही, दुसऱ्याचे मात्र ७० चे ३० होतात. चौथ्या-पाचव्या नावाने कुणाचंच काही जात नाही. म्हणून ‘त्यांचंही नाव घालून टाक’ हे इतक्या सहज म्हटलं जातं आणि किंमत बहुतेकदा दुसऱ्या क्रमांकावरचा विद्यार्थी मोजतो.

यावर उपाय वहीच. आर्द्रता, बशीचं वजन, टीजीएची तारीख लिहिता त्याच पानावर काम कुणी केलं तेही लिहा. पेपरमधला कुणाचा वाटा कोणता ते सांगणाऱ्या क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात १४ भूमिका आहेत. तपास, पद्धत, विश्लेषण, डेटाची निगा, पहिला मसुदा या त्यांतल्याच. नमुना पाठवण्यापूर्वीच एका ईमेलमध्ये कोण कुठली भूमिका करणार ते लिहून सगळ्यांना पाठवा आणि काम बदललं की तो ईमेल बदला. सरांना कसं विचारायचं म्हणून संकोच वाटतो, हे खरं आहे. पण ‘सर, क्रेडिटच्या तक्त्यात माझ्यापुढे काय लिहू?’ हा प्रश्न उद्धट नाही, नियतकालिक तो विचारणारच आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी किती वेळा येतात ते बघा.

नावाचं स्पेलिंगही पहिल्या पेपरआधी ठरवा. एस. सावंत आणि एस. परब आपल्याकडे गावागणिक आहेत. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही, लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही, ते तुम्ही ठरवाल, पण सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख) आजच काढा. तो फुकट मिळतो आणि आडनाव बदललं तरी बदलत नाही. नमुन्याच्या पाकिटावर, टीजीएच्या फाइलवर आणि मसुद्यावर तो लिहायची सवय लावा.