शाळा बंद असताना लहान मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यायचा (आणि हातच्याची वजाबाकी कशी पार पाडायची)

हे पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी आहे. आधी एक गोष्ट, शाळेचं अख्खं वेळापत्रक घरात लावायच्या फंदात पडू नका. शाळेत तीस-चाळीस मुलं असतात, हजेरी, रांगा, गोंगाट यात वेळ जातो; घरी एकाच मुलासमोर बसलात की दीड-दोन तासात दिवसाचं काम उरकतं.

वेळ ठरवा, शक्यतो सकाळची. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं, मग उठू द्या. टीव्ही बंद, आणि तुमचा मोबाईलसुद्धा.

वाचन रोज, मोठ्याने. चुकलं तर लगेच टोकू नका, वाक्य संपू दे, बऱ्याचदा ते स्वतःच मागे येऊन दुरुस्त करतं. एकच शब्द दहा-दहा वेळा लिहून घेणं बंद करा, चौथ्या ओळीपासून फक्त हात चालतो.

आता खरी अडचण. हातच्याची वजाबाकी. माझा सगळ्यात जास्त घाम इथेच निघाला आणि सगळ्यात जास्त फालतू सल्लेही इथेच मिळतात, "सराव घ्या, येईल आपोआप". नाही येत! समज चुकीची असेल तर सरावाने चूकच पक्की होते.

५२ − २७ द्या. पुष्कळ मुलं ३५ लिहितात. हा निष्काळजीपणा नाहीये, २ मधून ७ जात नाहीत म्हणून ते ७ मधून २ काढतं, त्याच्या डोक्यात "मोठ्यातून लहान काढायचं" एवढंच बसलेलं असतं. म्हणून आधी विचारा, "हे कसं केलंस?" आणि गप्प बसून ऐका. उत्तर चूक असं सांगून पेन्सिल हातातून घेऊन स्वतः सोडवून दाखवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, मूल मान डोलावतं आणि पुढच्या गणितात परत तेच करतं.

मग वही मिटा. काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा, आणि बांधायचे मुलानेच, कारण गठ्ठ्यात दहा आहेत हे त्याच्या हाताला कळायला हवं. ५ गठ्ठे, २ सुट्या. सांगा, यातल्या सत्तावीस मला दे. ते दोन गठ्ठे देईल, दोन सुट्या देईल आणि अडकेल. इथे तोंड बंद ठेवायचं! अर्धा मिनिट जाईल, एक मिनिट जाईल, पण रबर त्यालाच काढू दे. उरलेल्या २५ त्याने मोजल्या की परत पहिल्यापासून मांडा, यावेळी गठ्ठा आधी सोडायचा, म्हणजे ४ गठ्ठे आणि १२ सुट्या, आणि प्रत्येक हालचाल झाली की लगेच वहीत तेच लिहायचं, ५ खोडून ४, २ च्या जागी १२. काड्या एका दिवशी आणि वही दुसऱ्या दिवशी असं केलंत तर दोन्ही वेगळेच राहतात.

आपल्यापैकी अनेकांना "वर दहा घ्यायचे, खाली एक द्यायचा" अशी पद्धत शिकवलेली आहे. उत्तर बरोबरच येतं, कारण दोन्ही संख्या दहाने वाढतात. पण शाळेत दशक सुटा करायला शिकवत असतील तर तुमची पद्धत मध्ये आणू नका, दोन्हीची खिचडी झाली की निस्तरायला फार वेळ लागतो. आजोबांनाही सांगून ठेवा.

शून्यवाली, म्हणजे ३०२ − १४७ सारखी, सगळ्यात शेवटी. दशकाच्या घरात काहीच नसतं म्हणून आधी शतक मोडायचं, मग त्यातला एक दशक मोडायचा, राहतात २ शतक, ९ दशक, १२ एकक. इथे काड्या पुरत नाहीत, शंभर, दहा आणि एकच्या कागदी चिठ्ठ्या करा. उत्तर १५५, ताळा त्यालाच करू दे, १५५ + १४७.

रडारड सुरू झाली तर थांबा, उद्या घ्या.

बाईंना वहीचा फोटो पाठवताना चुकलेली गणितं खोडून, सुधारून पाठवू नका. कुठे गाडी अडलीये ते त्यांना त्या चुकांवरूनच कळतं.