नेझुमी शिनो: राखाडी ताटलीवर गवताची पात कशी कोरावी

'नेझुमी' म्हणजे जपानीत उंदीर. शिनो म्हणजे जाड पांढरट ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, दिलेली जपानी भांडी. त्यातल्या उंदराच्या रंगाच्या भांड्यांवरची पांढरी नक्षी रंगवलेली नसते, खरवडलेली असते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिनो प्रांतात, म्हणजे आजच्या गिफूत, ही भांडी भाजली जात. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या अशाच एका भांड्यावर खडकावर बसलेला परीट पक्षी आहे. आपण मात्र गवतापासून सुरुवात करू.

माती पांढरट, जराशी खरखरीत, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजायची, घ्या. कुंडीची लाल माती एवढ्या आचेत टिकत नाही. चाक नको, वीतभर ताटली हाताने थापा. नखाचा ओरखडा उठेल पण बोट रुतणार नाही, इतकी सुकली की वर लोहाच्या स्लिपचा, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीचा, हात द्या. मिनोत यासाठी 'ओनिइता' ही लोहयुक्त माती वापरतात. आपण ताटलीचीच पांढरी माती घावनाच्या पिठाइतकी पातळ कालवून, गडद विटकरी होईस्तोवर रेड आयर्न ऑक्साइड (लोहाची लाल पूड) घालायचं.

स्लिपची चमक गेली की कोरायचं. बांबूची काडी तिरकी कापून घ्या. पात मुळाकडून शेंड्याकडे, मनगट न मोडता, एका दमात ओढा. शेंड्याशी काडी हलकी उचलली की पात आपोआप वाकते. रेघ दोन मिलिमीटर तरी रुंद हवी. माझी पहिली नाजूक पात ग्लेझखाली गडप झाली होती! एका कडेला तीन-चार पाती पुरे. उरलेली जागा भरायला हात शिवशिवतो, तो आवरा. निघालेला चुरा ओला असताना पुसू नका, सुकल्यावर ब्रशने झाडा.

कच्ची भाजणी साधारण 900 अंशांवर. मग ओल्या स्पंजने धूळ टिपा, नाहीतर ग्लेझ आक्रसतं. शिनोचं ग्लेझ म्हणजे जवळजवळ नुसता फेल्डस्पार, म्हणजे एका खनिजाची पूड. पूड हाताळताना मास्क लावा. बादलीत गाळ बसतो, दर वेळी ढवळा. ताटली बुडवा, थर जाड बसू द्या. धरलेल्या बोटांचे कोरे ठसे राहिले तर राहू द्यात, जुन्या भांड्यांवरही ते आहेत. बूड मात्र स्वच्छ पुसा.

पक्की भाजणी गॅसच्या भट्टीत, हवा कमी ठेवून, 1230 अंशांच्या आसपास. थंड अगदी सावकाश करा. जाड थराखाली राखाडी येतो, पातळ कडेला गंजाची लाली. विजेच्या भट्टीत रंग तपकिरीकडे झुकतो.

जेवणाला घेण्याआधी ताटली दहा मिनिटं पाण्यात बुडवा. ग्लेझला बारीक तडे असतात, आणि कोरड्या ताटलीत हळदीची भाजी वाढली तर डाग कायमचा.