नोकरी शोधताना ईएसआयसीचा बेकारी भत्ता घ्यायचा की सोडायचा?

भांडुपला एका इंजिनिअरिंग कंपनीच्या टाइम ऑफिसात माझी नोकरीची वर्षं गेली. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, हेच काम. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची नोकरी गेली की संध्याकाळी तो माझ्या दारात उभा असतो. आणि प्रश्न बहुधा हाच: "ताई, एक इंटरव्ह्यू चांगला झालाय. आता क्लेम टाकू की राहू दे?"

इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणून क्लेम सोडायचा नाही. ऑफर लेटर आलं म्हणूनही नाही. "सोमवारनंतर कळवतो" या फोनवर तर मुळीच नाही. नव्या जागी तुम्ही हजर झालात ती तारीख धरायची. तिच्या आधीचे रिकामे दिवस हक्काचे, त्या दिवसापासून पुढे एकही दिवस मागायचा नाही.

मी बोलतेय ते ईएसआयसीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल, बेकारी भत्ता तिच्यातूनच मिळतो. १ जुलै २०१८ ला ती सुरू झाली आणि मुदत वाढवत वाढवत चालत आलीय, म्हणून आज ती चालू आहे ना, एवढं आधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, मार्च २०२० पासून ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर ३० दिवस उलटले की पैसे देय होतात. नोकरी जाण्याआधी दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरलेलं हवं, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीतही तितकंच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

आता हिशेब मांडा, कारण निर्णय तिथेच होतो. समजा पगार १८,००० होता. चार सहामाह्यांची एकूण कमाई ४,३२,०००, भागिले ७३०, म्हणजे रोजचे साधारण ५९२. त्याचे निम्मे २९६. महिन्याला ८,९०० च्या आसपास, पूर्ण ९० दिवसांचे साडेसव्वीस हजारांच्या थोडं वर. मुंबईत यात घर चालत नाही, पण वाण्याची उधारी आणि लाइटबिल भागतं.

दुसरीकडे भिवंडीच्या गोदामात १३,००० ची हेल्परकी समोर येते. फरक दिसतो ४,१०० चा. त्यातून पास, रिक्षा, बाहेरचं खाणं काढा. आणि बारा तास तिकडे गेल्यावर इंटरव्ह्यूला जायचं कधी? टर्नर, फिटर, सीएनसी ऑपरेटर अशा हातात कसब असलेल्यांना मी सांगते, घरात खायला असेल तर घाईने हेल्पर होऊ नका. पुढची कंपनी शेवटची पगारस्लिप मागते आणि तिथूनच बोली लावते. मात्र घराचा हप्ता थकला असेल, शाळेची फी भरायची असेल, तर भिवंडीला जा आणि त्या तारखेला भत्ता थांबवा. लाज कसलीच नाही.

लाजेवरून आठवलं. आमच्याकडे काही माणसं "फुकटचं नको" म्हणून क्लेमच टाकत नाहीत, आणि त्यात पुरुष जास्त. अहो, १८,००० च्या पगारातून दर महिन्याला तुमचे १३५ रुपये कापले गेलेत, मालकाने ५८५ भरलेत. हा विमा आहे. गाडीला ठोकर बसली तर विमा कंपनीकडे मान खाली घालून जाता का?

खरा विचार करायचा तो "आयुष्यात एकदाच" या अटीचा. सव्वीस वर्षांचा वेल्डर दीड महिन्यात दुसरीकडे लागणार असेल, तर थोड्या दिवसांच्या पैशांसाठी क्लेम टाकायचा का, हे त्याने शांतपणे ठरवावं. पन्नाशीच्या सुपरवायझरला मी असं थांबायला सांगणार नाही. त्या वयात पुढची नोकरी लांबते, त्याने तीस दिवस होताच क्लेम टाकावा. ठरवायला वेळही आहे. क्लेम नेहमी होऊन गेलेल्या दिवसांचाच असतो, पुढच्या दिवसांचा आगाऊ मागता येत नाही, आणि बेकार झाल्यापासून एका वर्षाच्या आत टाकला तरी चालतो. त्यामुळे आज नाही टाकला म्हणजे गेला, असं नाही. घरभाडं थांबत नाही, हे मात्र मान्य.

तुमचा कारखानाच बंद झाला असेल किंवा कायदेशीर कामगारकपातीत नोकरी गेली असेल, तर अटल योजनेचा अर्ज भरण्याआधी थांबा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. २००५ पासूनची ही वेगळी योजना. पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. दोन्हींचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे नव्वद दिवसांच्या मागे लागून चोवीस महिन्यांचं दार बंद होणार नाही ना, ते पाहायला हवं. शाखा कार्यालयात नीट उत्तर मिळालं नाही तर लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर ईएसआयसीचं पंचदीप भवन आहे, तिथे जा.

भत्त्याचा निर्णय बरेचदा तुमच्या आधी जुन्या कंपनीतला क्लार्कच करून टाकतो. दर महिन्याचं योगदान भरताना ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, कामगारकपात, काम नाही, वगैरे. तिथे कुणी "रजेवर" टाकून ठेवलं की ईएसआयसीच्या पोर्टलवर तुम्ही अजून नोकरीतच. कामाचा शेवटचा दिवस आणि कारण काय टाकलंय, ते फोनवर नको, समोर बसून बघून घ्या. काढून टाकत असतील तर राजीनाम्यावर सही करू नका, काढल्याचं पत्र मागा. गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे, स्वेच्छानिवृत्तीमुळे किंवा वय झाल्याने नोकरी गेली तर हा भत्ता नाही, म्हणून कागदावरचं कारण खरं असायला हवं.

दवाखान्याचं काय, हे बायका हमखास विचारतात. भत्ता थांबवला म्हणून उपचार थांबत नाहीत. ते आधी भरलेल्या योगदानावर चालतात. ऑक्टोबर ते मार्चच्या योगदानावर जुलै ते डिसेंबर, एप्रिल ते सप्टेंबरच्या योगदानावर पुढचा जानेवारी ते जून. पण नव्या नोकरीचा पगार २१,००० च्या वर असेल तर तिथे ईएसआयसी लागू होणार नाही. घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल तर साडेबावीस हजारांच्या आकड्याला भुलण्याआधी कंपनीचा मेडिक्लेम आहे का, त्यात आईवडील बसतात का, हे विचारा.

अधूनमधून डिलिव्हरीची कामं करणाऱ्यांना माझं सांगणं, ज्या दिवशी कमावलं तो दिवस क्लेममध्ये धरू नका. नव्या कंपनीतही तुमचा विमा क्रमांक तोच राहतो आणि आधार जोडलेलं असतं, त्यामुळे पगार आणि भत्ता एकाच तारखेला आले की ते दिसतंच. खोटी माहिती देऊन पैसे घेणं हा गुन्हा आहे.

हजर झालात की जॉइनिंगचं पत्र, जुन्या कंपनीचं काढल्याचं पत्र, क्लेमच्या पावतीची प्रिंट आणि पासबुकाची झेरॉक्स एका फाइलीत लावा. नव्या एचआरला जुना विमा क्रमांक पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर ते घाईत नवीन काढतात आणि मग दोन क्रमांक एक करायला शाखा कार्यालयाचे खेटे घालावे लागतात.