अनुनादाचं प्रॅक्टिकल: या चुका टाळा

ट्यूनिंग फोर्क (ठरावीक कंप्रतेचा सूर देणारा धातूचा दोन काट्यांचा चिमटा) टेबलाच्या कडेवर आपटू नका. दरवर्षी सांगते आणि दरवर्षी पहिल्याच बॅचमध्ये मागून ‘टण्ण’ येतंच. तो टणत्कार फोर्कवर कोरलेल्या कंप्रतेचा नसतो, तिच्या सहापटीहूनही वरचा असतो. शिवाय काट्याला पोचा पडला की फोर्क कामातून गेला. रबरी पॅड हरवलं असेल (असतंच), तर गुडघ्यावर मारा. मी तेच करते.

पण माझं खरं दुखणं पाण्याच्या पातळीचं आहे. नळीतलं पाणी उतरवत जायचं, फोर्कच्या सुराला नळीतली हवा सगळ्यात मोठ्याने साथ देते (हाच अनुनाद) ती हवेची लांबी शोधायची आणि तिच्यावरून आवाजाचा वेग काढायचा, असा हा प्रयोग. एकदा एक हुशार मुलगा पंधरा मिनिटांत वही घेऊन हजर. ५१२ हर्ट्झचा फोर्क, नळीचा व्यास ३.५ सेंमी, हवेच्या स्तंभाची लांबी ५० सेंमी. एंड करेक्शनचे (नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही थरथरते, तिचा हिशेब) १.०५ मिळवून आवाजाचा वेग काढलेला, १०४५ मीटर प्रतिसेकंद! म्हटलं, “बाळा, नळीत हेलियम भरला होतास का?” हेलियममध्ये आवाज साधारण हजाराच्या वेगाने धावतो, म्हणून. तर म्हणे, “पण मॅडम, आवाज मोठा झाला होता!”

झालाच होता. घाईत त्याने पाणी सुरुवातीलाच अर्ध्यावर उतरवून ठेवलं होतं. १६ सेंमीवरचा पहिला अनुनाद तिथेच हुकला. सापडला तो दुसरा, पाऊण तरंगलांबीचा, आणि साहेबांनी सूत्र लावलं पाव तरंगलांबीचं.

मी पाणी आधी काठोकाठ घेते. फोर्क नळीच्या तोंडावर आडवा, काटे वर-खाली थरथरतील असा, आणि काचेला न टेकवता. मग पाणी हळूहळू खाली. आवाज फुगतो, बसतो; पुन्हा वर, पुन्हा खाली, तीनदा तरी. नुसता ऐकू आला तो अनुनाद नव्हे, सगळ्यात मोठा झाला तो. दोन्ही लांब्या मिळाल्या की वजाबाकी करा, एंड करेक्शन आपोआप उडतं. ५० वजा १६ म्हणजे ३४ सेंमी, म्हणजे ०.३४ मीटर. त्याची दुप्पट गुणिले ५१२, आले ३४८ मीटर प्रतिसेकंद.

गाइडमधून ३३२ उतरवणाऱ्यांनो, तो वेग शून्य अंशाचा. दर अंशाला ०.६ ने वाढतो. घाम पुसत ३३२ लिहिता, तेव्हा परीक्षकाला आधी तुमचा रुमाल दिसतो.

सोनोमीटरवाल्यांनी (पेटीवर ताणलेल्या तारेचा अनुनाद शोधणाऱ्यांनी) रायडर, म्हणजे अनुनाद झाला की उडणारा कागदाचा चिमुकला तुकडा, तारेच्या मधोमध ठेवावा; तार जिथे टेकते त्या सेतूजवळ ती हलतच नाही. फोर्कचा दांडा पेटीवर दाणकन आदळू नये, टेकवावा. आणि रायडर उडाला म्हणून ओरडण्याआधी वरचा पंखा बंद आहे का, तेवढं बघा.