उष्णता आणि वायूंची गणितं: या चुका टाळा

अकरावीच्या मुलांना उष्णता शिकवताना मी गुळाच्या काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, सुरुवात करतो. कोल्हापूरच्या पोरांनी गुऱ्हाळ पाहिलेलं असतंच. रस खळखळ उकळतोय, मळी काढून झालीय, चुलवाणात चिपाडं पडतायत. मी विचारतो, "आता जाळ दुप्पट केला, तर रसाचं तापमान किती वाढेल?" निम्मा वर्ग म्हणतो, "दुप्पट!"

मूळ घोटाळा हाच. उष्णता आणि तापमान एक नव्हे. रस उकळायला लागला की जाळाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक किलो पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 420 किलोज्यूल लागतात, त्याची वाफ करायला मात्र 2260. जाळ वाढवला तर पाणी लवकर उडेल, एवढंच. पाणी उडून पाक दाट होत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो, आणि 118 अंशांच्या आसपास गुळव्या काहील उतरवायला सांगतो. तोही थर्मामीटर न लावता, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बोटांनी दाबून!

म्हणून गणितात 'वितळतो', 'उकळते' असा शब्द दिसला की अप्रकट उष्म्याची, म्हणजे तापमान न वाढवता नुसती अवस्था बदलण्यात खर्ची पडणाऱ्या उष्णतेची, पायरी वेगळी लिहा. 0 अंशाच्या 100 ग्रॅम बर्फाचं 20 अंशाचं पाणी करायचंय: वितळवायला 33.4 किलोज्यूल, पुढे तापवायला 8.4. दरवर्षी कितीतरी मुलं नुसतं 8.4 लिहून मोकळी होतात.

प्रयोगवहीतल्या एका चुकीचं मला फार वाईट वाटतं. उकळत्या पाण्यात थर्मामीटर 98 दाखवतो, आणि मुलं खोडून 100 लिहितात. अरे, तुमचं 98 बरोबर आहे! कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधी उकळतं. दिसलं तेच लिहा.

आता वायू. इथे एकाच गणितात दोन चुका होतात. सकाळी 20 अंशांना टायरमध्ये 30 पौंड हवा भरली, गाडी पळवून टायर 50 अंशांवर गेला. टायरचं आकारमान बदललं नाही असं धरू, म्हणजे सूत्र सोपं: दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. दाब किती?

सेल्सिअसमध्येच भागाकार केला तर उत्तर येतं 75 पौंड. असं उत्तर आलं की लगेच थांबायला हवं, कारण तीस अंशांनी कुठल्या टायरचा दाब अडीचपट होत नाही. केल्व्हिन घेतलं, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून 293 आणि 323, तर 33 येतं. हेही चूकच, पण पटण्यासारखं असल्यामुळे सापडत नाही. टायरचा दाब मोजणारा गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. सूत्राला पूर्ण दाब लागतो. आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 14 पौंड. म्हणजे 44 घ्या, 323 ने गुणा, 293 ने भागा, आलेल्या 48.5 मधून 14 वजा करा. उत्तर 34.5.

तापमानातला फरक काढताना मात्र 273 मिळवू नका. 30 अंशांची वाढ म्हणजे 30 केल्व्हिनचीच वाढ.

आणि घाट चढून आल्यावर गेज 34 दाखवतोय म्हणून हवा सोडू नका. सोडलीत तर रात्री टायर गार झाला की दाब तीसच्या खाली जाईल. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी तपासा.