मोरीच्या पाण्यावर पाणकणसाचा वाफा

पाट झिरपतो, चारी तुंबते, नाल्यात बारमाही ओल राहते, तिथे पाणकणीस उगवतंच. पुरुषभर उंच पानं आणि जाड उदबत्तीसारखं तपकिरी कणीस, ही त्याची खूण. कणीस नसेल तर पान आडवं कापून बघा. आत मधाच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे दिसतील. वेखंडाच्या पानाला मधे ठळक शीर असते आणि चुरगाळलं की वास सुटतो. पाणकणसाला दोन्ही नाही. या कप्प्यांतूनच हवा चिखलातल्या गड्ड्यापर्यंत उतरते, म्हणून हे झाड सांडपाण्यातही तगतं. म्हणूनच खडीच्या वाफ्यात ते लावून घरच्या मोरीचं पाणी गाळून झाडांना वापरता येतं.

चार माणसांच्या न्हाणी-मोरीच्या पाण्याला १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा पुरतो. संडासाचं पाणी यात सोडू नका. पाणी बाहेर पडतं त्या बाजूला तळ इंचभर उतरता ठेवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तळाशी थोडी वाळू पसरून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा; १६ बाय ११ फूट लागेल. खडी बरोब्बर १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट बसते. दोन्ही टोकांना फूटभर ४० एमएमची, मधे २० एमएमची. खडी धुऊनच टाका, नाहीतर तिच्यावरची भुकटी वाफा तुंबवते.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी. निकासाचा पाइप तळातून काढून बाहेर एल्बोने वर वळवा आणि त्याचं तोंड खडीच्या दोन इंच खाली ठेवा. पाणी खडीवर आलं की डास झालेच. खरकट्याचं पाणी आधी झाकणाच्या टाकीत थांबवून वरचा तेलाचा थर दर आठवड्याला काढा. वाफे बंद पडतात ते बहुतेक तेलानेच.

लागवड जून-जुलैत करा. कोंब असलेले २० गड्डे दीड फुटावर, चार इंच खोल लावा. पानं फूटभर ठेवून छाटा, पण शेंडे पाण्याबाहेरच हवेत. बुडाले तर हवा तुटून गड्डा सडतो. पहिले तीन आठवडे साधं पाणी द्या, मग हळूहळू मोरीचं. बाहेर येणारं पाणी झाडांना घाला, कच्च्या खायच्या भाजीला नको.

गड्डे शेतातल्या चारीतून, मालकाला विचारून घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरातून काडीही उचलू नका. ते अभयारण्य आहे, २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि जांभळ्या पाणकोंबड्या याच पाणकणसात घरटी करतात.

कणीस फुटून कापूस उडायच्या आत कापा. एका कणसात लाखभर बिया असतात आणि शेजारचं शेततळं त्यांना पुरेसं आहे. तिथे उगवलंच तर उपटत बसू नका, गड्डा तुटून पुन्हा फुटतो. पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा, वाळलेले बुंधेसुद्धा. हवेची वाट बंद झाली की गड्डा पाण्याखालीच गुदमरतो.