स्पेस वॉर लिहिताय? मग कॅज्युअल्टी लिस्ट नीट बनवा

सायफाय कथेत लढाई झाली की लेखक "तीनशे ठार" लिहून मोकळा होतो, आणि तिथेच सगळी मजा जाते राव. खऱ्या सैन्यात कॅज्युअल्टीत जखमी, बेपत्ता, पकडले गेलेले सगळेच धरतात. त्यामुळे ठार, जखमी, बेपत्ता अशा प्रत्येक प्रकाराला लगेच कोड बनवायला बसू नका, आधी ठरवा की कोड लागला की कोणाचं काय बदलणार, म्हणजे पगार चालू की बंद, घरी कळवायचं का, बदली माणूस मागवायचा का. ज्या कोडने यातलं काहीच बदलत नाही तो खुशाल उडवा.

पहिली चाळणी, शत्रूमुळे झालं की नाही. आपल्या आर्मीतही बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन प्रकार आहेत आणि घरच्यांना काय मिळणार ते बरंचसं त्यावर ठरतं. मग लढाई चालू असताना एअरलॉकचं (यानाच्या हवाबंद दाराचं) जुनं सील फाटून दोघं गेले तर ते कशात? इथे वाद घालणारा एक खवट क्लार्क टाका, फुकटात ड्रामा.

पुढे ठार आणि जखमांनी मृत हे वेगळे ठेवा. अमेरिकन सैन्यात उपचार केंद्रात पोचायच्या आधी गेला तर ठार, पोचल्यावर गेला तर जखमांनी मृत, म्हणजे उचलून आणणारे कमी पडले की डॉक्टर ते आकड्यांवरून जरा कळतं. क्रायोपॉड, म्हणजे माणसाला गोठवून ठेवायची पेटी, आला की हे गंडतं. माझं मत, पॉडचं झाकण लागलं की माणूस केंद्रात पोचला असं धरा, नाहीतर 40 वर्षं तो कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

ट्रायाजचे, म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे ते ठरवणारे, लाल (लगेच), पिवळा (थोडं थांबू शकतो), हिरवा (किरकोळ), काळा (मेलेला किंवा वाचण्यापलीकडचा) हे टॅग तसेच वापरा, पण निकष बदला. व्हॅक्यूममध्ये पडलेल्याला लगेच काळा टॅग लावू नका, 1966 साली ह्यूस्टनला नासाच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये एका टेक्निशियनच्या सूटची नळी निसटली, साधारण 14 सेकंदांत तो बेशुद्ध पडला, हवा परत सोडली आणि गडी वाचला. म्हणजे लाल टॅग, आणि पळा. रेडिएशनचं नेमकं उलटं. लुई स्लोटिन हा शास्त्रज्ञ 21 मे 1946 ला लॉस अलामोसच्या अमेरिकन अणुबॉम्ब प्रयोगशाळेत प्लुटोनियमच्या गोळ्यावर प्रयोग करत होता, भोवतीचे दोन अर्धगोल वेगळे ठेवणारा हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला, निळा झगझगाट झाला, त्याने वरचा अर्धगोल हाताने उडवून लावला आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. नवव्या दिवशी गेला. तुमच्या रिअॅक्टर रूममधला पोरगा असाच चालत येईल, बोलेल, चहा मागेल, आणि मेडिकला त्याच्या डोसिमीटरकडे (रेडिएशन मोजणाऱ्या यंत्राकडे) बघून काळा टॅग लावावा लागेल. हा सीन लिहाच.

मेंदूचा बॅकअप असेल तर नियम एकच ठेवा, शरीर गेलं की मृत्यूची नोंद होणार, बॅकअपमधून उठलेला माणूस नवीन नंबरवर. पेन्शन कोणाची यावर भांडू देत त्यांना.

सगळ्यात किचकट रकाना बेपत्ताचा. आपल्याकडच्या कायद्यात सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कोर्ट त्याला मेला असं धरू शकतं. हाच नियम प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याजवळ हरवलेल्याला लावून बघा, अंतर सव्वाचार प्रकाशवर्षं, म्हणजे "जिवंत आहेस का" विचारून "हो" यायला साडेआठ वर्षं, तोवर हा कागदावर मेलेला, बायकोचं दुसरं लग्नही झालेलं. त्यामुळे फॉर्मवर दोन तारखा ठेवा, घटना घडली ती आणि खबर पोचली ती, आणि मुदत दुसरीपासून मोजा, तीही सात वर्षं अधिक जाण्यायेण्याचा वेळ. पगार मात्र कुठल्या तारखेला थांबवायचा ते क्लार्कला ठरवू द्या, तसाही तो खवटच आहे.